घरगाडीची तक्तपोशी

सन १९७४. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. साताऱ्यात हमरस्त्याला लागून माझी पत्र्याची शेड होती आणि मी मालट्रकच्या बॉड्या बांधत होतो. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — आणि तिला तर त्यातलं अर्धं तिच्याच डोळ्यांनी दिसलं होतं. ती गेली, तरी नाही. मुलांना नाही. देवापुढं हात जोडले तेव्हा बाकी सगळं बोललो, हे तेवढं गिळलं.

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. पेन धरतो ते पटाशी धरल्यासारखं. तेव्हा अक्षर वेडंवाकडं आहे. सांभाळून घ्या असं म्हणत नाही.

कुठून धरू? गाडीपासून धरतो.

मेजरसाहेब म्हणून आमच्याकडचेच एक गृहस्थ होते. पलटणीतून निवृत्त झालेले, गावाकडं ऊस, साताऱ्यात बंगला. त्यांनी ती गाडी आणली. कुर्गाकडं कॉफीच्या मळ्यावर एक गोरा साहेब राहायचा, तो देश सोडून जाताना विकून गेला होता म्हणे. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गाडी. बाहेरून बघाल तर लहानशी बस, आत बघाल तर घर. दोन बाजूंना झोपायचे बाक, स्टोव्ह ठेवायला कोनाडा, भांडी धुवायला एवढंसं टाकं, आणि कपाटं अशी, की गाडी उडाली तरी दार उघडायचं नाही. बाईसाहेबांचं माहेर सांगलीकडं. त्या घरगाडीतून दोघांनी मिळून सांगलीला जायचं, नदीकाठी मुक्काम करायचा, असं त्यांचं ठरलेलं. गावातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची. पोरं नाव ठेवून गेली — घरगाडी. तेच राहिलं.

दोष एकच होता. वरची तक्तपोशी. म्हणजे पत्र्याच्या छपराला आतून लावलेल्या लाकडी फळ्या. नऊ फळ्या होत्या, कमानीसारख्या वाकवलेल्या. पत्र्याच्या रिव्हिटांतून पाणी झिरपून झिरपून तीन कुजल्या होत्या, सहा काळ्या पडल्या होत्या, आणि सगळ्याच पोटाशी खाली आल्या होत्या. प्रत्येक सांध्यावर एक बारीक पट्टी, पितळी स्क्रूनं आवळलेली. नऊ फळ्यांचे आठ सांधे, आठ पट्ट्या. हा हिशेब ध्यानात ठेवा, मला तो पन्नास वर्षं विसरता आलेला नाही.

मी गाडी बघितली आणि हो म्हणालो. ट्रकच्या फळकुटांवर आयुष्य चाललेलं, आणि हे असलं नाजूक काम! पाटणपासून शिरवळपर्यंत ड्रायव्हर लोक म्हणायचे की ह्या मिस्त्रीच्या सांध्यात केस शिरत नाही. मला ते खरं वाटायचं. म्हणजे — खरं होतंच ते. पण माणसाला एखादी गोष्ट खरी असून किती चढावी?

कुजलेल्या तीन फळ्यांच्या जागी सागाच्या नव्या करायच्या, सहा जुन्या घासून साफ करायच्या, आणि नव्या-जुन्यांचा रंग असा एक करायचा की ओळखू येऊ नये. रंगाचं काम माझं नव्हतं. त्यासाठी बशीर आला.

बशीर मिरजेचा. त्यांच्या घराण्यात सतारींना पॉलिश करतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाची पोटली, म्हणजे पुडी, करायची आणि हात फिरवत बसायचं, दिवस दिवस. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, अंगानं बारीक, बोलायला हळू. थोरला भाऊ म्हणाला होता की दोघांना पुरेल एवढं काम आता राहिलं नाही, तू तुझं बघ. त्याची बायको आणि दोन मुली भावाच्याच घरामागच्या खोलीत. एका ट्रकवाल्यानं त्याला माझ्याकडं आणून सोडलं.

पहिल्याच दिवशी मी त्याला शेडचा नियम सांगितला. गिऱ्हाइकासमोर बोलायचं ते फक्त मिस्त्रीनं. कारागिरानं मिस्त्रीला गिऱ्हाइकापुढं खोटं पाडायचं नाही, पोटात काही असलं तर मागून सांगायचं. तो म्हणाला, "आमच्याकडंबी असंच हाय." नियम माझ्या वडिलांचा. वडिलांच्या नियमाला दुसरं अर्धं होतं — ते मी त्याला सांगितलं नाही. तेव्हा मुद्दाम नाही हो, राहून गेलं. ते दुसरं अर्धं पुढं येईल.

दुपारचा तो आमच्यातच जेवायचा. माझी बायको हौसा त्याला ताटावर बसवून म्हणायची, "बशीरभावजी, आदी त्या बोटाचा वास घालवा. माजी भाकरी काय कपाट न्हाई, पॉलिश मारून खायाला." तो हसत हसत परत राखेनं हात घासून यायचा. अडीच महिने खाल्लं त्यानं माझ्या घरचं. हे मी का लिहिलं? उपकार केले असं वाटावं म्हणून का? असेल. अजून तेवढा निर्लज्ज आहे मी.

पहिल्या तीन फळ्या तयार झाल्या तेव्हा मेजरसाहेब बघायला आले. दोन जुन्या, एक नवी, शेजारी शेजारी ठेवलेल्या. साहेबांनी बोट फिरवलं, चष्मा लावला, चष्मा काढला, आणि मला विचारलं, नवी कोणती. मी बशीरकडं बघितलं. खरं सांगतो, मलाही क्षणभर कळेना. साहेब खूश झाले. पुण्यात त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात पलटणीच्या मेससाठी टेबलखुर्च्या व्हायच्या, तिथं कायमचा पॉलिशवाला हवा होता. गाडी ताब्यात घेईन त्या दिवशी चिठ्ठी लिहून देतो, म्हणाले. माझ्या चिठ्ठीला तिथं कुणी नाही म्हणत नाही.

त्या दिवसापासून बशीर फळीवर हात फिरवता फिरवता पुण्याचं बोलायचा. एक खोली. मुलींना शाळा. भावाच्या दारातून पाणी आणायला नको. एवढंच. तेच तेच. मी वैतागून म्हणायचो, अरे, अजून चिठ्ठी तर मिळू दे.

आता त्या पट्ट्यांचं.

मी ठरवलं की पट्ट्या नकोत. सांध्यावर पट्टी मारायची म्हणजे सांधा झाकायचा. झाकायचा कुणी? ज्याला सांधा जमत नाही त्यानं. त्या विलायती सुताराला जमला नसेल, मला जमतो. मी फळ्या एकात एक बसवणार, छपराच्या लाकडी कमानींना सरसानं चिकटवणार, आणि खालून बघणाऱ्याला एक खिळा, एक स्क्रू दिसणार नाही. जुन्या पट्ट्या आणि स्क्रू मी जळणाच्या ढिगावर फेकले.

हौसा धुणं वाळत घालायला गेली, आम्ही दोघंच राहिलो, तेव्हा बशीर बोलला. नियमाप्रमाणं.

"मिस्त्री, आमी सतारबी सरसानंच चिकटवतो. का, ठावं हाय?"

मी म्हणालो, का?

"उद्या दुरुस्तीला आली तर वाफ दावली की सुटावी म्हणून." त्यानं छपराकडं बोट केलं. "ह्यो पत्रा पावसाळ्यात रोज वाफ देणार. पट्ट्या ऱ्हाऊ द्या. आवळून धरतील."

किती साधं होतं ते! आज कुणीही म्हणेल की बरोबर होतं. तेव्हाही मला ते बरोबरच वाटलं — हे लिहायलाच मी बसलो आहे. मला कळलं नव्हतं असं नाही. ऐकल्याबरोबर कळलं. आणि कळलं म्हणूनच राग आला. सतारीला पुडी चोळणारा माणूस मला छप्पर शिकवणार?

मी म्हणालो, "सतार येगळी, गाडी येगळी. तू तुजं पॉलिश बघ."

आणखी एकदा त्यानं विषय काढला. तिसऱ्यांदा नाही काढला.

फळ्या चढवल्या. खालून टेकू देऊन चार दिवस दाबून ठेवल्या. टेकू काढले तेव्हा — काय सांगू! एकाच झाडाची साल उलगडून वर ताणावी तशी तक्तपोशी. मी बाकावर उताणा पडून बघत राहिलो. असं काम मी पुन्हा केलं नाही. त्यातलं माझं किती होतं? रंग त्याचा. सांधे माझे. आणि सांध्यांचं काय झालं ते ऐका.

श्रावणातला दिवस. साहेब दुपारी गाडी न्यायला येणार म्हणून सकाळीच मी ती शेडबाहेर काढली. कडक ऊन पडलं, पत्रा तापला, मग एक सर आली, पुन्हा ऊन. आत शिरलो तर अंगाला चिकटावी अशी वाफ. मागच्या बाकाच्या वरची तक्तपोशीची फळी एका कोपऱ्याला सुटली होती. नखाएवढी. मी बघितली. अंगठ्यानं दाबली. बसली. हात काढला, जरा थांबलो, बसलेलीच होती. मी मागं वळलो तर दारात बशीर उभा. त्यानं फळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी त्याला ओलांडून बाहेर गेलो.

म्हणजे मला माहीत होतं. ते माहीत असून तासाभरानं बाईसाहेब आल्या तेव्हा मी स्वतः त्यांना त्याच बाकावर बसवलं. तिथली खिडकी चांगली आहे म्हणालो.

साहेबांनी शर्टाच्या खिशावर थाप मारून बशीरला सांगितलं, चिठ्ठी आणलीय, जरा चक्कर मारून येऊ, मग देतो. बशीरनं नुसती मान खाली घातली. साहेब गाडी चालवायला, मी त्यांच्या शेजारी, बाईसाहेब मागं बाकावर, बशीर दाराशी. कराडच्या दिशेनं निघालो. नागठाण्याच्या पुढं एक मोरी होती, तिथं गाडी उचलली आणि आपटली. मागं आवाज झाला. आधी एक, मग लगेच दुसरा.

दोन फळ्या आल्या. पहिली बाईसाहेबांच्या कपाळावर.

भुवईच्या वर फाटलं होतं. पदर लाल झाला. साहेबांनी गाडी वडाखाली घेतली, रुमाल आवळून बांधला. आणि ती बाई — पन्नाशीची, रक्त गालावर आलेलं — माझ्याकडं बघून म्हणते, "मिस्त्री, आमी घर सांगितलं हुतं. तुमी सापळा बांधलासा." मला हसवायला म्हणाली ती. माझं तोंड बघून तिलाच माझी कीव आली असणार.

साहेब हसले नाहीत. खाली उतरले, मला समोर उभं केलं. पलटणीतला माणूस. म्हणाले, "मिस्त्री, एका वाक्यात सांगा. कशानं सुटलं?"

एका वाक्यात. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? सरस लावायला नको होता, पट्ट्या काढायला नको होत्या, माझं चुकलं. झालं की वाक्य. लहानसं. श्वास पण लागला नसता.

पडलेली फळी मी उचलून धरली होती. तिच्या पाठीवर सरस ओला, तारा सुटलेला, माझ्याच बोटांना लागत होता. धंद्यातल्या माणसानं नुसती पाठ बघितली असती तर पुढं विचारावं लागलं नसतं. मी फळी उलटी केली. पॉलिशची बाजू साहेबांकडं आली.

आणि म्हणालो, "पॉलिशचं स्पिरिट सरसात उतरलं, सायेब."

हेच ते. ह्या एका वाक्यासाठी एवढं लांबलो. स्पिरिट सरसाला सोडवत नाही. मला ठाऊक होतं, बशीरला ठाऊक होतं. साहेबांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि त्यावरच मी ते बोललो. आधी ठरवलेलं नव्हतं — पण तोंडात इतकं तयार आलं की वाटतं, अंगठ्यानं फळी दाबली तेव्हाच ते आत कुठंतरी तासून ठेवलं असणार.

साहेब बशीरकडं वळले. "खरं हाय हे?"

बशीर खाली बसून दुसरी फळी बाहीनं पुसत होता. तिच्यावर ओरखडा आला होता. त्यानं वर बघितलं. माझ्याकडं नाही, माझ्या हातांकडं. सरस लागलेल्या बोटांकडं. मी हात मागं घेतले.

"मिस्त्री म्हणत्यात, तर असंल, सायेब."

नियम पाळला त्यानं. माझा.

आता ते दुसरं अर्धं सांगतो. माझे वडील म्हणायचे, गिऱ्हाइकासमोर मिस्त्रीनंच बोलायचं — कारण चूक कुणाची का असेना, ती त्यानं स्वतःच्या अंगावर घ्यायची असते. म्हणून बोलायचा मान त्याला. मी मान घेतला.

साहेबांनी आवाज चढवला नाही. बशीरला म्हणाले, मी तुला माझ्या शब्दावर पाठवणार होतो, असल्या कामावर माझा शब्द कसा घालू? खिशातून चिठ्ठीचं टोक दिसत होतं. त्यांनी ते आत सारलं आणि खिशाचं बटण लावलं. मला म्हणाले, तुम्ही उद्या नीट करून द्या.

परत येताना बाईसाहेब पुढं बसल्या, मी मागं. उरलेल्या फळ्या सैल झाल्या होत्या. बशीर बाकावर चढून उभा राहिला, पाय फाकून, आणि दोन्ही तळहातांनी तक्तपोशी वर धरली. नागठाण्यापासून साताऱ्यापर्यंत. मी पण हात लावला असता. एकाच्या जागेत दोघं मावत नव्हते, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच्या बगलेला घाम फुटलेला. मी खिडकीतून ऊस बघत बसलो.

शेडवर आल्यावर त्यानं आपलं गाठोडं बांधलं. हौसानं विचारलं, एवढ्यात का निघाले? मी म्हणालो, घरनं सांगावा आलाय. तिनं भाकरी बांधून दिली. ती माझ्याकडं एकदा बघून आत गेली, आणि तिनं तो विषय मरेपर्यंत काढला नाही. तिला काय कळलं होतं, मला माहीत नाही. मला विचारायची छाती झाली नाही.

जाताना बशीर दाराशी थांबला. मला वाटलं, आता बोलेल. गिऱ्हाईक नव्हतं, आम्ही दोघंच होतो, आता नियम आड नव्हता. तो म्हणाला, "मिस्त्री, पट्ट्या बाकाखाली हाईत." आणि सांगलीकडच्या एसटीला गेला.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी मी मिरजेला गेलो होतो. लाकडाच्या कामाला नाही, त्याच्यासाठीच. सतारवाल्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. आत कुणीतरी तार लावत होतं — ताणून, सोडून, पुन्हा ताणून. एका पानवाल्याला बशीरचं नाव सांगितलं. तो म्हणाला, तो व्हय, भावाच्यातच असतो, पॉलिश नाही करत आता, सतारीचे भोपळे वाळवायला ठेवतो गच्चीवर. घर दाखवू का? मी म्हणालो, नको, सहज विचारलं. आणि स्टँडवर परत आलो. एवढा मोठा, मिशीवाला, सांध्यात केस न जाऊ देणारा माणूस — पन्नास पावलं चालू शकला नाही.

लहान होतो म्हणावं तर तीस वर्षांचा होतो. नाव बुडालं असतं म्हणावं, तर दोन फळ्यांनी कुणाचं नाव बुडतं? साहेब रागावले असते, पुन्हा काम करून घेतलं असतं, संपलं असतं. भीती होती का? नाही. मी खूप उलटंसुलटं करून बघितलंय. मला फक्त हे सहन होत नव्हतं, की तो बरोबर होता.

राहिलं ते बशीर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं.

सकाळी उजाडल्यावर मी शेड उघडली आणि घरगाडीच्या बाकाखाली हात घातला. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं. सोडलं. आठ पट्ट्या. जळणातून त्यानं कधी उचलल्या होत्या देव जाणे. घासलेल्या, आणि पॉलिश केलेल्या — तक्तपोशीच्या त्याच रंगात, पुडीच्या त्याच हातानं. फळीला टेकणारी बाजू कुणाला दिसत नाही, तिलाही. चिंधीत बांधलेले पितळी स्क्रू, चिंचेनं लखलखीत केलेले. एकही कमी नव्हता.

मी फळ्या परत चढवल्या आणि आठ सांध्यांवर आठ पट्ट्या आवळल्या. दुपार व्हायच्या आत काम झालं. साहेब आले. बरोबर बाईसाहेब, कपाळाला पट्टी. साहेबांच्या अंगात कालचाच शर्ट होता, खिशाचं बटण लावलेलं, आत कागदाची घडी दिसत होती. त्यांनी वर बघितलं, एका पट्टीवर मूठ आपटून बघितली. काही हललं नाही.

"आता कसं! मिस्त्री, हे पट्ट्यांचं कवा सुचलं?"

मी म्हणालो, "काल राती, सायेब."